बोलावणं

मराठीत ‘बोलावणं येणं’ हा काही फारसा शुभ शब्दप्रयोग नाही. हळदीकुंकवाचं बोलावणं येतं हे खरं, पण ते बायकांना. पुरुषाला बोलावणं येतं ते एक तर साहेबाचं, नाही तर वरचं. साठी उलटलेला माणूस आरामखुर्चीत रेलून ‘आता काय, बोलावणं आलं की निघायचं’ म्हणू लागला, की ते हळदीकुंकवाचं नव्हे, एवढं घरातल्या लहान पोरालाही कळतं.

पण मोटारींच्या जगात एक तिसरं बोलावणं असतं. ते कारखान्याचं. तुम्ही मोटार विकत घेता, पेढे वाटता, बॉनेटवर स्वस्तिक काढता, चाकाखाली लिंबू चिरडता, आणि वर्षभरानं कारखान्याचं पत्र येतं : आपल्या गाडीत आमच्या हातून एक दोष राहिला आहे, कृपया गाडी घेऊन यावी, आम्ही फुकट नीट करून देऊ.

आपल्या पिढीला हे पत्र वाचून प्रथम शंका येते ती आपल्या डोळ्यांची. कारण आपण वाढलो ते ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीखाली. ही पाटी गणपतीची तसबीर आणि ‘आज रोख उद्या उधार’ यांच्या मधोमध असे. मी एकदा नवी कोरी छत्री घेऊन त्याच दिवशी दुकानात परत गेलो होतो. छत्री उघडत होती, मिटत नव्हती. दुकानदारानं ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, ‘‘पाऊस थांबलाय का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग मिटायची घाई कशाला करताय?’’

अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला, विकणारा स्वतः होऊन ‘परत आणा’ म्हणतो हे ऐकून सत्ययुग आलं की काय असं वाटतं. पण मंडळी, सत्ययुग वगैरे काही नाही. त्या एका पत्राला जन्म घ्यायला साठ-बासष्ट वर्षं लागली. त्याच्या पायी माणसं मेली, खटले झाले, एका मोठ्या कंपनीच्या अध्यक्षाला भर सभेत माफी मागावी लागली. आणि गंमत अशी, की हा इतिहास गाडीच्या ज्या भागाभोवती पुन्हा पुन्हा घुटमळतो तो भाग गिऱ्हाईक कधी वाकून पाहतसुद्धा नाही. मागचं सस्पेन्शन!

सस्पेन्शन म्हटलं की आमच्या बिऱ्हाडात सरकारी नोकरी आठवते. चौकशी होईपर्यंत घरी बसायचं आणि अर्धा पगार घ्यायचा. मोटारीचं सस्पेन्शन वेगळं. चाकं आणि गाडीचं धूड यांच्यामध्ये पाटे, स्प्रिंगा, दांडे आणि शॉकअॅब्सॉर्बर यांचा जो गोतावळा असतो तो. त्याचं काम मध्यस्थाचं. रस्त्याचा राग गाडीपर्यंत पोचू द्यायचा नाही आणि गाडीचा तोल चाकावरून ढळू द्यायचा नाही. लग्नातल्या मध्यस्थासारखाच, जमलं तर कुणी नाव घेत नाही, बिनसलं की सगळे त्यालाच धरतात.

आमच्याकडे ‘पुढचं पाठ, मागचं सपाट’ अशी एक म्हण आहे. शाळेतल्या ढ मुलांसाठी ती जन्माला आली, पण मोटारीच्या इतिहासालाही ती चपखल बसते. पुढची जाळी, पुढचे दिवे, पुढची निशाणी यांवर कारखानदारांनी जेवढी बुद्धी खर्च केली, तेवढी मागच्या दोन चाकांवर केली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

बैलगाडीचा आस सरळ असतो. डाव्या चाकाखाली धोंडा आला की त्याचं सुतक उजव्या चाकालाही लागतं. १९०३ साली एडमंड रुम्पलर नावाच्या व्हिएन्नाच्या इंजिनियरानं हे एकत्र कुटुंब मोडलं. त्यानं मागच्या आसाचे दोन तुकडे केले आणि दोन्ही अर्धे आस मधल्या पेटीला बिजागरीनं जोडून पेटंट घेतलं. आता डावं चाक खड्ड्यात गेलं तरी उजव्याला त्याची वार्ता नाही. बसणाऱ्याला आराम. झोका घेणारा आस म्हणून इंग्रजीत त्याला ‘स्विंग ॲक्सल’ म्हणतात. विभक्त कुटुंबात सुरुवातीला सगळं छानच वाटतं.

भानगड वळणावर होई. अर्ध्या आसाला चाक काटकोनात घट्ट जखडलेलं. गाडीचं मागचं अंग वर उचललं गेलं की आस खाली लोंबतो, चाक तिरकं होतं आणि त्याची खालची कड गाडीच्या पोटाखाली सरकते. वेगात वळण घेताना बाहेरचं चाक असं मुडपलं की टायर काठावर उभा राहतो, रस्त्यावरची पकड सुटते आणि गाडीचं शेपूट पुढे यायला निघतं. जिना उतरताना घोटा मुरगळावा तसंच हे. त्यात वाईट असं, की वळणाच्या मध्यावर घाबरून चालकानं ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला तर गाडी हटकून असं करी. म्हणजे शहाण्या माणसानं जे करावं, तेच इथे घातक!

हा घोटा श्रीमंतांच्या पायातही होता. १९३४पासून चेकोस्लोव्हाकियाच्या टाट्रा कारखान्यानं हान्स लेडविंका या अभियंत्याच्या देखरेखीखाली मोठ्या, माशासारख्या निमुळत्या, महागड्या गाड्या काढल्या. आठ सिलिंडरांचं इंजिन डिकीच्या जागी, आणि त्याखाली हेच झोके घेणारे अर्धे आस. महायुद्धात तो देश जर्मनांच्या ताब्यात होता तेव्हा त्यांच्या अधिकाऱ्यांना या गाड्यांचा भारी मोह पडला. ते त्या भरधाव हाणत आणि वळणावर प्राण गमावत, शेवटी अधिकाऱ्यांना टाट्रा चालवायची बंदी करावी लागली, अशी आख्यायिका आहे. तिच्यात तथ्य किती ते सोडून द्या. पण आपल्या देशाचा सूड मोटारीच्या मागच्या चाकांनी घेतला, ही कल्पना कुठल्याही जित राष्ट्राला आवडेल अशीच आहे.

मग १९५४ साली मर्सिडीजनं ३०० एसएल ही गाडी काढली. दारं पक्ष्याच्या पंखांसारखी वर उघडणारी. तशा फक्त १४०० गाड्या झाल्या, आणि घेणारे सगळे गर्भश्रीमंत. मागे तोच घोटा. कसलेला चालक तिला वठणीवर आणी; हौशी मालकाला ती वळणावर गर्रकन फिरवून आल्या वाटेनं तोंड करून उभी करी. १९५७ साली तिची उघड्या टपाची धाकटी बहीण आली, तेव्हा बिजागरी खाली घेऊन दोष बराचसा आटोक्यात आणला. म्हणजे दोष कारखान्याला ठाऊक होता. पण सुधारणा नव्या गाडीत झाली, जुनी जुन्यासारखीच राहिली. त्या काळचा रिवाजच तसा होता. पहिल्या मुलीच्या सासरचा अनुभव दुसरीचं लग्न ठरवताना उपयोगी पडतो. पहिलीला काही कुणी माहेरी बोलावून घेत नाही.

बोलावणं सुरू झालं ते एका मध्यमवर्गीय गाडीच्या पुण्याईनं.

१९५९च्या शरदात अमेरिकेत जनरल मोटर्सनं शेव्हरोले कॉर्व्हेअर बाजारात आणली. इंजिन मागे, पाण्याऐवजी हवेवर थंड होणारं. आणि चाकांपाशी? बरोबर, तोच घोटा. तिचे जनक एड कोल यांचं चित्र ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकलं. गाडीचा तोल सांभाळणारा एक दांडा पुढे बसवावा, असं कारखान्याच्या अभियंत्यांना वाटत होतं. तो काटकसरीत गळला. त्याच्याऐवजी कंपनीनं एक युक्ती केली : पुढच्या चाकांत हवा १५ पौंड ठेवा आणि मागच्यात २६, असं माहितीपुस्तकात छापलं.

आता बोला! माहितीपुस्तक ही वस्तू घरात कुठे असते ते सर्वांना ठाऊक आहे. ती नव्या रेडिओच्या, नव्या कुकरच्या आणि नव्या मोटारीच्या बरोबर येते आणि त्याच दिवशी पलंगाखालच्या ट्रंकेत कायमची विसावते. पेट्रोलपंपावरचा पोऱ्या जगात कुठेही गेलात तरी चारी चाकांना समान न्याय देतो. माणसाचा जीव अकरा पौंड हवेच्या फरकावर टांगायचा आणि ती जबाबदारी त्या पोऱ्यावर टाकायची, ही सुरक्षिततेची मोठीच अजब तऱ्हा म्हणायची.

अपघात होऊ लागले. तेही एकट्या गाडीचे. समोर कुणी नाही, मागून कुणी नाही, आणि गाडी वळणावर उलटी. कंपनीवर शंभराहून अधिक दावे लागले. आत काय चाललं होतं ते पुढे जॉन डीलोरियन या माजी अधिकाऱ्याच्या आठवणींतून बाहेर आलं. १९६१ साली शेव्हरोलेचे प्रमुख झालेले बंकी न्यूडसन मागचं सस्पेन्शन सुधारायला परवानगी मागत होते. खर्च गाडीमागे सुमारे १५ डॉलर. वरिष्ठ म्हणाले, फार महाग. न्यूडसन यांची स्वतःची भाची याच गाडीत जबर जखमी झाली होती. कॅडिलॅक या कंपनीच्या सगळ्यांत ऐटबाज विभागाच्या प्रमुखाचा मुलगा तर गेलाच. अखेर न्यूडसन यांनी राजीनाम्याची धमकी दिली, तेव्हा १५ डॉलर सापडले. १९६४च्या गाडीला मागे एक आडवा पाटा मिळाला आणि १९६५च्या गाडीला अगदी नवं सस्पेन्शन. आधीच्या चार वर्षांच्या मालकांना मात्र कुणी पत्र घातलं नाही.

इथे आमच्या कथेत नायकाचा प्रवेश होतो. राल्फ नेडर. तिशी नुकतीच ओलांडलेला, हार्वर्डला शिकलेला किडकिडीत वकील. मोटारींवर पुस्तक लिहिलं, पण स्वतःकडे मोटार नाही. (या बाबतीत मी त्यांच्या तोडीचा आहे, एवढंच मी अधूनमधून घरी सांगत असतो.) १९६५च्या नोव्हेंबरात त्यांचं ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक निघालं. पहिलंच प्रकरण कॉर्व्हेअरवर. गाडी चालवणाऱ्याला दोष देण्याआधी गाडी बनवणाऱ्याला प्रश्न विचारा, असं त्यांचं म्हणणं.

शहाण्या कंपनीनं अशा पुस्तकाकडे दुर्लक्ष केलं असतं, आणि आपण मराठी लेखक सांगू शकतो की पुस्तक मारण्याचा तोच हमखास उपाय आहे. पण जनरल मोटर्सनं नेडर यांच्या मागे गुप्त पोलिस लावले. याचं कुणाशी जुळतं, हा पितो का, याचं राजकारण काय, अशी चौकशी त्यांच्या ओळखीपाळखीच्या लोकांकडे सुरू झाली. नेडर यांनी असंही सांगितलं, की औषधांच्या दुकानात मासिकं चाळत असताना एका अनोळखी तरुणीनं त्यांना परराष्ट्र धोरणावर चर्चा करायला घरी यायचं निमंत्रण दिलं, आणि काही दिवसांनी वाणसामानाच्या दुकानात दुसरीनं सामान हलवायला मदत मागितली. या बायका आपल्या नव्हेत, असं कंपनीचं म्हणणं. असतीलही त्या खऱ्याच परराष्ट्र धोरणाच्या अभ्यासक. पण गुप्त पोलिस कंपनीचे होते हे कबूल करावं लागलं. २२ मार्च १९६६ रोजी जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश सिनेटच्या समितीपुढे आले आणि त्यांनी त्या बिनमोटारवाल्या वकिलाची जाहीर माफी मागितली. नेडर यांनी पुढे कंपनीवर दावा लावला. १९७० साली तो ४,२५,००० डॉलरवर मिटला, आणि ते पैसे ग्राहकांच्या चळवळीत गेले. स्वतःवरच्या टीकेला इतकी सढळ देणगी देणारी दुसरी कंपनी सापडायची नाही.

त्या माफीनंतर सहा महिन्यांच्या आत, ९ सप्टेंबर १९६६ रोजी, अध्यक्ष जॉन्सन यांनी मोटार सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. त्यातच आपलं पत्र जन्माला आलं. गाडीत जिवाला धोका होईल असा दोष सापडला, तर कारखान्यानं मालकाला पोचपावतीच्या टपालानं कळवलं पाहिजे. पण एक मेख होती : कळवायचं एवढंच सक्तीचं, फुकट दुरुस्तीची सक्ती नाही. ‘‘आपलं मागचं चाक निखळू शकतं, कळावे, लोभ असावा’’ असं लिहून हात झटकायची सोय होती. ती मेख निघायला १९७४ उजाडावं लागलं. तेव्हापासून पत्रही कारखान्याचं आणि खर्चही कारखान्याचा.

कॉर्व्हेअरचं काय झालं? मे १९६९मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली आणि कारखान्यानं हा विषय मिटवला. आणि १९७२ साली सरकारी तपासणीचा निकाल लागला, की १९६० ते १९६३च्या कॉर्व्हेअर त्या काळच्या तत्सम गाड्यांपेक्षा जास्त धोकादायक नव्हत्या! कंपनीच्या चाहत्यांनी यावर पेढे वाटले. पण नीट वाचलं तर त्याचा अर्थ एवढाच, की त्या वर्गात सगळेच पस्तीस मार्कांवर होते. एकाला छड्या बसल्या आणि सगळा वर्ग अभ्यासाला लागला.

पुढे बोलावण्यांची सवयच झाली. १९८१ साली त्याच जनरल मोटर्सनं सुमारे ५८ लाख गाड्या परत बोलावल्या, मागच्या सस्पेन्शनचे बोल्ट तुटू शकतात म्हणून. बोल्टसाठी अठ्ठावन्न लाख पत्रं! पोस्टमनांचा विचार करून माझ्या अंगावर काटा येतो.

बोलावण्यातही खानदानीपणा असू शकतो हे जपान्यांनी दाखवलं. १९८९च्या सप्टेंबरात टोयोटानं लेक्सस ही उंची गाडी अमेरिकेत आणली आणि डिसेंबरातच सुमारे ८००० गाड्यांना बोलावणं धाडायची वेळ आली. मागचा ब्रेकचा दिवा तापत होता आणि वेग कायम राखणारं यंत्र अडत होतं. कंपनीची माणसं मालकांच्या दारात गेली, गाड्या स्वतः घेऊन गेली, दुरुस्त केल्या, धुतल्या, टाकी भरली आणि परत आणून लावल्या. लोक नाराज व्हायचे ते आणखी खूष झाले. चूक झाल्यावर जावयासारखी बडदास्त ठेवायची असते, हे ज्याला कळलं त्याचं दुकान चालतं.

जर्मनांना ते जरा उशिरा कळलं. २१ ऑक्टोबर १९९७ रोजी स्वीडनमध्ये रॉबर्ट कॉलिन या मोटार-पत्रकारानं मर्सिडीजची नवी छोटी ए-क्लास चालवून पाहिली. त्या देशात रस्त्यावर अचानक एल्क नावाचं भलंमोठं सांबर आडवं येतं, तेव्हा गाडी झटकन डावी-उजवी करून वाचता येतं का, ही तिथली परीक्षा. ए-क्लास सुमारे ६० किलोमीटरच्या वेगाला चक्क लवंडली. कंपनी आधी म्हणाली, असं कुणी चालवतं का? मग म्हणाली, टायर. तेवढ्यात साम्यवादी पूर्व जर्मनीची थट्टेचा विषय झालेली ट्राबंट हीच परीक्षा पास होते, असं पत्रकारांनी दाखवून दिलं आणि सगळा देश हसला. गुण्यागोविंदानं शाळेत पहिला येणारा मुलगा सांबरापुढे नापास, आणि शेवटच्या बाकावरचा पास! अखेर विक्री थांबवली, सस्पेन्शन बदललं, घसरण सावरणारी विजेरी यंत्रणा प्रत्येक गाडीत बसवली आणि १९९८च्या फेब्रुवारीत गाड्या पुन्हा बाहेर पडल्या. त्या छोट्या गाडीच्या गाजावाजामुळे ही यंत्रणा साध्या गाड्यांतही लवकर आली. सांबराचे उपकार म्हणायचे.

आणि तरीही लगेच १९९८ साली ऑडीनं टीटी काढली. काय तिचं रूप! साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत, कुठे कोपरा नाही, शेपटी नाही. जर्मनीच्या सडकांवर १८० किलोमीटरपुढे तिनं मार्गिका बदलली की मागचं अंग हलकं होई आणि सटकं. काही माणसं गेली. १९९९च्या अखेरीस बोलावणं निघालं. मागच्या सस्पेन्शनचे दांडे बदलले, तोल सावरणारी यंत्रणा आली आणि डिकीच्या टोकावर हवा दाबून धरणारी छोटी शेपटी बसली. आणि काही मालकांनी ही शेपटी नाकारली! का, तर रूप बिघडतं. आजही तशा बिनशेपटीच्या टीटी शौकीन लोक हौसेनं जपतात.

इथे मात्र माझी विनोदबुद्धी जरा अडते. रुम्पलरपासून ऑडीपर्यंतच्या शहाण्णव वर्षांत कारखानदारांना एक वाक्य म्हणायला शिकवण्यासाठी केवढा खटाटोप झाला : ‘आमचं चुकलं, परत आणा.’ ते म्हणायला शिकले, तर गिऱ्हाईक ऐकायला तयार नाही.

आपल्याकडे हे पत्र आणखी उशिरा आलं. मर्सिडीज नव्वदीच्या दशकाच्या मध्यापासून पुण्यात जुळू लागली, पण गाडी परत बोलावण्याचा दंडक देशात नव्हता. २०१२ साली मोटार उत्पादकांच्या संघटनेनं आपखुशीचा नियम केला. सक्ती आली ती मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनं. म्हणजे जो हक्क अमेरिकेतल्या माणसाला नेडरनं मिळवून दिला, तो आपल्यापर्यंत पोचायला अर्धशतक लागलं. टपाल खात्याला दोष देऊ नये. पत्र घातलंच नव्हतं.

आता ते येतं. पण आमच्या सोसायटीतले एक सद्‌गृहस्थ असं पत्र हातात धरून मला म्हणाले, ‘‘अहो, गाडी मस्त चाललीये. उगाच कशाला यांच्या हातात द्या? एक नीट करतील, दोन बिघडवतील.’’ पाटीखाली वाढलेली पिढी. दुकानदार स्वतः होऊन चूक कबूल करतो म्हटल्यावर त्यांना त्यात डाव दिसतो. मी त्यांना कॉर्व्हेअरची गोष्ट सांगितली, भाचीची सांगितली, मुलाची सांगितली. पंधरा डॉलरची सांगितली. ते गप्प झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन गेले.

कारखान्याचं बोलावणं आलं तर उठून जावं. ते चुकवलं तर केव्हा तरी दुसरं येतं, आणि तिथे फुकट दुरुस्तीची सोय नाही.